तेलाचे दहा थेंब, एक गमी आणि रात्रीची लाईट

पत्र थोडक्यात: यावल-रावेर पट्ट्यातल्या एका गावातून एका शिक्षिकाताईंनी लिहिलंय. वय ४८, घरची केळीची शेती, शेती नवरा बघतो, सासूबाई सोबत असतात. दोन वर्षं झाली झोप नीट नाही, पाळी मागेपुढे व्हायला लागली तेव्हापासून तर जास्तच. जळगावच्या डॉक्टरांनी वर्षापूर्वी एस्सिटालोप्राम (नैराश्य-चिंतेवरची गोळी) १० मिलिग्रॅम सुरू केली, ती ताई रात्री जेवणानंतर घेतात. बीपीची अ‍ॅम्लोडिपिन त्याआधीपासून आहे. सहा महिन्यांपूर्वी ऑनलाइन व्हिडिओ कॉलवर एका वैद्यांनी विजयाचं म्हणजे भांगेच्या पानांच्या अर्काचं तेल लिहून दिलं, रोज रात्री जिभेखाली दहा थेंब. दिवाळीत अमेरिकेहून आलेल्या भाच्यानं झोपेच्या गमीची, म्हणजे जेलीच्या गोळ्यांची, बाटली दिली, तिच्यावर सीबीडी, सीबीएन (दोन्ही भांगेच्या झाडातले घटक) आणि मेलाटोनिन (झोपेचं हार्मोन) लिहिलंय आणि बारीक अक्षरात ०.३ टक्क्यांपेक्षा कमी टीएचसी (त्याच झाडातला नशा आणणारा घटक). ती एक रोज. अगदीच झोप नाही आली तर सासूबाईंच्या जुन्या स्ट्रिपमधली अल्प्राझोलमची (चिंतेवरची, गुंगी आणणारी) अर्धी गोळी, "महिन्यातून दोन-तीनदाच". आता सकाळी दहापर्यंत डोकं जड असतं, एकदा तिसरीच्या वर्गात खुर्चीत डुलकी लागली, पायाला सूज आहे, उठताना गरगरतं. प्रश्न तीन. तेल आणि गमी एकत्र चालतं का, की थेंब वाढवू? सासूबाईंना स्टेंट आहे, त्यांचीही झोप उडालीय, त्यांना पाच थेंब देऊ का? आणि हे डॉक्टरांना सांगायलाच हवं का, कारण "बाई गांजा घेतात" असं गावात झालं तर शाळेत तोंड कसं दाखवू? जाता जाता एक ओळ त्यांनी अशीही लिहिलीय की ज्या आठवड्यात शेतीपंपांना रात्रीची लाईट असते त्या आठवड्यात हे मोटर चालू करायला मळ्यात जातात आणि हे परत येईपर्यंत माझा डोळा लागत नाही.

ताई,

आधी उत्तरं देऊन टाकते, मग बोलू निवांत. सासूबाईंना पाच काय, एक थेंबही नको. गमी आज रात्रीपासून बंद. अल्प्राझोलमची ती स्ट्रिप तुमची नाही, तिला हात लावायचा नाही. तेलाचे थेंब वाढवायचे नाहीत, आणि पुढचे काही दिवस चालू ठेवायचं की थांबवायचं हे डॉक्टरांशी बोलून ठरवायचं. एस्सिटालोप्राम आणि बीपीची गोळी मात्र काहीही झालं तरी स्वतःच्या मनानं बंद करायची नाही, कारण हे सगळं वाचून घाबरून लोक नेमकी तीच बंद करतात, मी पाहिलंय. आणि हो, डॉक्टरांना सांगायचंच.

मी डॉक्टर नाही हे तुम्हाला माहितीच आहे. भुसावळला मेडिकलच्या काउंटरमागे बावीस वर्षं काढली, त्या काउंटरवर "ताई, रातले झोप येस नही, काही हलकी गोळी दे ना" हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की माणूस पायरी चढतानाच ओळखू येतो. आणि "हलकी" या शब्दाची मला भीती वाटते, अजूनही.

तुमच्या पत्रात तुम्ही चार वेळा "थोडंसंच" लिहिलंय. थेंब थोडेसेच, गमी एकच, गोळी अर्धीच, तीही कधीतरीच. म्हणजे एक मोठी झोपेची गोळी घेण्यापेक्षा चार ठिकाणचं थोडं थोडं बरं, असा हिशोब मनात आहे ना? आता असं समजा की घरी शेवभाजी शिजतेय, सासूबाईंनी येऊन चमचाभर काळा मसाला टाकला, नणंदेनं येऊन चमचाभर टाकला, तुम्ही टाकला, जाऊबाईंनी जाता जाता टाकला, प्रत्येकीनं थोडासाच टाकलाय पण भाजी कुणाच्यानं खाववेल का? शरीरात तर त्याहून वाईट होतं, कारण तिथे एक मसाला दुसऱ्याचा तिखटपणा वाढवतो. कसा ते सांगते, कारण हे एकदा समजलं की पुढे प्रत्येक बाटलीच्या वेळी मला पत्र लिहावं लागणार नाही.

कापसाच्या सीझनला जिनिंगच्या गेटवर गाड्यांची रांग लागते ना, तसं आपल्या लिव्हरचं आहे. बहुतेक गोळ्या लिव्हरमध्ये जाऊन मोडतात आणि मग बाहेर पडतात, आणि मोडायला गेट मोजकीच आहेत. त्या गेटांना शास्त्रात सीवायपी ३ए४, सीवायपी २सी१९ अशी नंबरप्लेटसारखी नावं आहेत. सीबीडी स्वतः याच दोन गेटांतून जातं, आणि जाताना आपला ट्रक गेटात आडवा लावतं, २सी१९ च्या गेटात तर जास्तच. मागच्या गाड्या मग अडकून पडतात, म्हणजे दुसरी औषधं रक्तात जास्त वेळ आणि जास्त प्रमाणात राहतात. हे माझ्या मनचं नाही. शुद्ध सीबीडीचं एक औषध अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिकडच्या अन्न-औषध खात्यानं, २०१८ मध्ये लहान मुलांच्या अवघड प्रकारच्या फिट्ससाठी मंजूर केलं, तेव्हा हा अभ्यास नीट झाला. त्यात दिसलं की सोबत क्लोबाझाम ही फिट्सचीच गोळी चालू असेल तर तिचा जो भाग झोप आणतो तो रक्तात साधारण तिप्पट होतो. तिप्पट! आणि व्हॅल्प्रोएटसोबत दिलं तर लिव्हरचे रिपोर्ट बिघडण्याचं प्रमाण वाढतं. म्हणून घरात कुणाला फिट्सची औषधं चालू असतील, रक्त पातळ करणारी वॉरफेरिन असेल, किडनी बदलल्यावरची टॅक्रोलिमस असेल, तर तिथे असलं तेल बिनविचारता नाहीच, ही ओळ तुमच्यासाठी नाही पण वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी लिहून ठेवते.

आता न्यायानं दुसरी बाजूही सांगते. त्या औषधाचा डोस असतो वजनाच्या किलोमागे ५ ते २० मिलिग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या बाईला दिवसाला ३०० ते १२०० मिलिग्रॅम. तुमचे दहा थेंब त्याच्या जवळपासही नाहीत. तुम्ही लिहिलंय की बाटली ३० मिलीची आणि वर १५०० मिलिग्रॅम अर्क लिहिलाय, म्हणजे एका मिलीत ५०, वीस थेंबांचा साधारण एक मिली धरला तर दहा थेंबांत २५ मिलिग्रॅम. पण थांबा, २५ मिलिग्रॅम काय? अर्क. त्यात सीबीडी किती, टीएचसी किती, हे लेबलवर कुठेच नाही असं तुम्हीच लिहिलंय, आणि इथेच सगळी गोम आहे. सीबीडीनं नशा चढत नाही, टीएचसीनं चढते, आणि भांगेच्या पानात दोन्ही असू शकतं. ब्रिटनच्या अन्न खात्यानं ऑक्टोबर २०२३ मध्ये निरोगी मोठ्या माणसांनासुद्धा दिवसाला १० मिलिग्रॅम सीबीडीच्या वर जाऊ नका असा सल्ला दिला, आधी तोच सल्ला ७० चा होता. तो निरोगी माणसांना, गोळ्या चालू असलेल्यांना नाही.

म्हणून तुमच्या डोसला अमुक इतकाच परिणाम होईल असं मी छातीठोक सांगणार नाही, पण तुमच्या अंगात जे होतंय ते बघून एवढं म्हणते की ही तक्रार "झोप कमी पडते" एवढीच नाहीये.

तुम्ही एक प्रश्न विचारलाय की काही दिवशी तेलाचा इतका असर होतो की सकाळी उठवत नाही, आणि काही दिवशी काहीच नाही, तेल नकली आहे का? नकली असू शकतं, पण आधी मला सांगा त्या दिवशी जेवायला काय होतं. सीबीडी तुपातेलात विरघळतं, आणि भरपूर स्निग्ध जेवणावर घेतलं तर रिकाम्या पोटापेक्षा साधारण चौपट जास्त रक्तात शोषलं जातं. म्हणजे सोमवारी मुगाची खिचडी खाऊन दहा थेंब घेतले आणि रविवारी वरण-बट्टी, वर तुपाची धार, सोबत वांग्याचं भरीत तेल सुटलेलं, आणि मग तेच दहा थेंब घेतले, तर बाटली तीच, थेंब तेच, पण अंगाला दोन वेगळे डोस. हे वैद्यांनी सांगायला हवं होतं. (व्हिडिओ कॉल किती मिनिटांचा होता ते तुम्ही लिहिलंय, सात. त्यावर मी काही बोलत नाही.)

आणि जिभेखाली धरते म्हणून लिव्हरला लागत नाही, हे तर सोडूनच द्या. जिभेखाली धरलेल्यातलं बरंचसं आपण लाळेबरोबर गिळतोच, आणि जे थेट रक्तात गेलं तेही मोडायला शेवटी त्याच गेटवर येतं. वर आणखी एक, रोज घेत राहिलं की सीबीडी अंगात साठत जातं, निम्मं बाहेर पडायलाच दोन-अडीच दिवस लागतात, म्हणजे "कालच बंद केलं" म्हटलं तरी अंगातून ते आठ-पंधरा दिवस पूर्ण गेलेलं नसतं. डॉक्टरांकडे जाण्याआधी दोन दिवस बंद ठेवून "आता मी काही घेत नाही" सांगणारेही मी पाहिलेत.

आता एकेक औषध घेऊ. एस्सिटालोप्राम मोठ्या प्रमाणात त्याच २सी१९ च्या गेटातून जाते. तिच्या सख्ख्या बहिणीवर, सिटालोप्रामवर, अभ्यास झालाय, सीबीडी सोबत घेतलं की तिचं रक्तातलं प्रमाण वाढतं. वाढलं की काय होतं? अस्वस्थपणा, घाम, हाताला कंप, मळमळ, आणि गंमत बघा, झोप न येणं. म्हणजे झोपेसाठी घेतलेलं तेल झोप घालवणाऱ्या गोष्टीलाच बळ देत असेल असंही होऊ शकतं. शिवाय ही गोळी काही जणांना मुळातच रात्री घेतल्यावर जागं ठेवते. डॉक्टरांना एवढं एकच विचारा, "ही मी सकाळी नाश्त्यानंतर घेतली तर चालेल का?" बऱ्याचदा चालतं, आणि काही जणींचा अर्धा प्रश्न तिथेच मिटतो, तेलबिल काही लागत नाही.

अ‍ॅम्लोडिपिन ३ए४ च्या गेटवाली. तिनं पायाला सूज येते हे तिचं नेहमीचंच आहे, ती रक्तात जास्त राहिली तर सूज जास्त, बीपी जास्त खाली. सीबीडी स्वतःही बीपी थोडं उतरवू शकतं. रात्री बाथरूमला उठलात, गरगरलं, पाय घसरला, या वयात खुब्याचं हाड म्हणजे काय असतं ते मी सांगायला नको. दोन दिवस सकाळी बसून आणि मग उभं राहून एक-दोन मिनिटांनी बीपी मोजून लिहून ठेवा, आरोग्य केंद्रात फुकट मोजतात.

अल्प्राझोलमचं सगळ्यात साधं आणि सगळ्यात धोक्याचं. तीही ३ए४ वाली, पण गेट बाजूला ठेवा, झोप आणणाऱ्या दोन-तीन गोष्टी एकावर एक चढल्या की श्वास आणि शुद्ध दोन्ही मंदावतात. तुम्ही घोरता का, झोपेत मधेच श्वास अडकल्यासारखं होतं का, हे यांना विचारा, लाजू नका. होत असेल तर झोप न येण्याचं कारणच ते असू शकतं आणि तिथे असल्या गोळ्या म्हणजे आगीत तेल. त्या स्ट्रिपवर उभी लाल पट्टी आणि चौकटीत इशारा छापलाय बघा, शेड्यूल एच१ असं, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाही. ती काही शोभेला नसते. तुमची महिन्यातून दोन-तीनदा अर्धी आहे म्हणून थांबवायला अडचण नाही, पण कुणी रोज महिनोन्‌महिने घेत असेल तर त्यानं एकदम तोडू नये, डॉक्टर हळूहळू उतरवतात.

आता चहा. ही सहावी गोष्ट तुम्ही मोजलीच नाहीत! शाळेतून आल्यावर एक, संध्याकाळी यांच्यासोबत एक, आणि वह्या तपासताना नऊ वाजता एक, असं लिहिलंय तुम्ही, जणू ते पाणीच आहे. चहातलं कॅफिन ज्या गेटातून जातं तेही सीबीडी अडवतं, त्या मंजूर औषधाच्या मोठ्या डोसवर तपासलं तेव्हा कॅफिनचा एकूण मारा जवळपास दुप्पट झाला होता. तुमच्या थेंबांनी तेवढा होईल असं नाही. पण नऊच्या चहाला झोप मोडायला कुणाची मदत लागत नाही, कॅफिनचं निम्मं उतरायलाच पाच-सहा तास लागतात. मेलाटोनिनही त्याच गेटातून जातं, सकाळी डोकं जड राहण्यात त्याचा वाटा असू शकतो.

गमीबद्दल मला जरा रागानंच बोलायचंय, भाच्यावर नाही, पोरगं प्रेमानं घेऊन आलं. ०.३ टक्के म्हटलं की नाहीच्या बरोबर वाटतं ना? ते अमेरिकेच्या २०१८ च्या शेती कायद्यातलं प्रमाण आहे, वाळलेल्या झाडाच्या वजनाला लावलेलं, आणि कंपन्यांनी ते गमीच्या वजनाला लावलं. चार ग्रॅमची एक गमी म्हणजे ४००० मिलिग्रॅम, त्याचे ०.३ टक्के काढा, तुम्ही तिसरीला शिकवता, १२ मिलिग्रॅम येतील. टीएचसीचे ५ मिलिग्रॅम म्हणजे तिकडच्या संशोधनात एक पूर्ण माप धरतात. म्हणजे लेबल खरं असूनही त्यात दोन मापांवर नशा बसू शकते, असेलच असं नाही, पण बसू शकते. आणि लेबल खरं असतंच असंही नाही. २०१७ मध्ये अमेरिकेत ऑनलाइन विकली जाणारी ८४ सीबीडी उत्पादनं तपासली, लेबलवर लिहिल्याइतकं सीबीडी होतं फक्त ३१ टक्क्यांत, आणि १८ नमुन्यांत टीएचसी सापडलं.

भाचा म्हणाला असेल की सीबीडीनं टीएचसीची नशा मारली जाते, म्हणून दोन्ही एकत्र सेफ. हे सगळीकडे फिरतं. २०२३ मध्ये एक प्रयोग छापून आला, माणसांना ब्राउनीतून २० मिलिग्रॅम टीएचसी दिलं, एकदा नुसतं आणि एकदा ६४० मिलिग्रॅम सीबीडीसोबत. सीबीडीसोबत घेतल्यावर टीएचसी रक्तात जास्त चढलं, नशा जास्त, गोंधळ जास्त, नाडी जास्त. का? तेच गेट. डोस मोठा होता मान्य, पण दिशा उलटी निघाली हे महत्त्वाचं. तुमचं तेल आणि तुमची गमी एकत्र चालते का याचं उत्तर मी यावरूनच देतेय. खाल्लेलं टीएचसी चढायला अर्ध्या तासापासून दोन तास लागतात आणि सहा-आठ तास टिकतं, म्हणजे दहाला गमी, बाराला चढली, सकाळी आठला तुम्ही स्कूटीवर. त्या डुलकीचं कोडं मला तरी इथेच सुटतंय. सीबीएनचं म्हणाल तर टीएचसी जुनं होऊन त्यातून ते तयार होतं, झोपेचं म्हणून हल्ली विकतात, पुरावा अजून फार पातळ आहे, आपल्या शाळेच्या आमटीइतका.

कायद्याचंही सांगते कारण तुम्ही "गांजा" शब्दाला घाबरलाय. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या, कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे आणि चरस म्हणजे राळ. शेंडे नसलेली नुसती पानं आणि बिया त्या व्याख्येत येत नाहीत, भांगेचे नियम राज्यं करतात. म्हणून आयुषचं लायसन असलेलं विजयाच्या पानांचं औषध वैद्यांच्या चिठ्ठीवर मिळतं. तुमचं तेल तसं असेल तर तुम्ही काही गुन्हा केलेला नाही. बाटलीवर लायसन नंबर, बॅच, तारीख आणि वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे अशी सूचना आहे का ते बघा, कारण विजया हे आयुर्वेदाच्या विषारी द्रव्यांच्या यादीत, शेड्यूल ई१ मध्ये, आहे. महाशिवरात्रीला प्रसाद म्हणून पिली म्हणून ती तुळस होत नाही. टीएचसीवाली परदेशी गमी मात्र वेगळी गोष्ट, ती इथे बाळगण्याचा धोका उगाच घेऊ नका. आणि एक गोंधळ सारखा होतो, हेम्पच्या बियांचं तेल वेगळं, ते २०२१ पासून एफएसएसएआयनं (आपल्या अन्न सुरक्षा खात्यानं) खाद्य म्हणून चालू केलंय, त्यात सीबीडी जवळपास नसतंच, झोपेसाठी ते घेणं म्हणजे तिळाचं तेल पिण्यासारखं.

सासूबाईंचं. स्टेंट आहे म्हणजे बहुतेक क्लोपिडोग्रेल चालू असेल, स्ट्रिप उलटी करून बघा. बाकी गोळ्यांचं आपण "गेट अडलं की प्रमाण वाढतं" म्हणालो, हिचं उलटं आहे. ही गोळी पोटात जाते तेव्हा कामाची नसते, लिव्हरच्या त्याच २सी१९ च्या गेटातून गेल्यावर ती कामाची होते, सरकीसकट कापूस आत जातो आणि रुई बाहेर येते तशी. गेट अडलं तर रुईच निघत नाही, म्हणजे गोळी रोज घेतली जाते पण स्टेंटमध्ये गुठळी अडवायचं काम कमी होतं, आणि बाहेरून काही म्हणजे काही कळत नाही. अ‍ॅसिडिटीच्या ओमेप्राझोलबद्दल एफडीएनं २००९ मध्ये याच कारणासाठी इशारा दिला होता. आपल्याकडे तर जन्मतःच हे गेट अरुंद असलेली माणसं पुष्कळ आहेत. पाच थेंबांनी खरंच किती फरक पडेल हा वाद घालण्याची ही जागा नाही, स्टेंटवर कोण जुगार खेळतं? त्यांची झोप उडाली असेल तर त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांना सांगा, दुपारी किती झोपतात ते बघा, लघवीची गोळी संध्याकाळी आहे का ते बघा.

आता तिसरा प्रश्न. डॉक्टरांना काय सांगू? ताई, एक वहीचं पान घ्या. त्यावर लिहा काय घेता, किती, किती वाजता, कशावर, केव्हापासून. सहाही गोष्टी, चहा धरून. तोंडानं काही बोलू नका, कागद टेबलावर ठेवा आणि बाटल्यांचे फोटो दाखवा. तुम्हाला कधी कुठल्या डॉक्टरनं "आयुर्वेदिक काही घेता का" असं विचारलंय? नाही ना, आणि वैद्यांनी इंग्रजी गोळ्या विचारल्या नाहीत. दोघंही आपापल्या जागी बरोबर लिहीत असतील, पण दोन्ही कागद ज्या एका पर्समध्ये आहेत ती पर्स तुमची आहे. "गांजा" म्हणायची गरज नाही, "विजया अर्काचं तेल" म्हणा, त्यांना कळतं. आणि कंपाउंडरसमोर बोलायचं नसेल तर "दोन मिनिटं एकट्यानं बोलायचंय" म्हणायचा तुम्हाला हक्क आहे. त्यांनी ओरडलंच तर ओरडू द्या, लिव्हरची तपासणी, थायरॉइड आणि हिमोग्लोबिन-लोह लिहून घ्या, आणि पाळी जातानाच्या गरम वाफांवर काय करता येईल तेही विचारा, कारण रात्री दोनला अंग घामानं भिजून जाग येते असं तुम्ही लिहिलंय आणि त्यावर थेंबांचा उपाय आहे असा पुरावा मला तरी कुठे भेटला नाही. तेल थांबवायचं ठरलं तर चार-आठ रात्री झोप आणखी बिघडल्यासारखी वाटेल, स्वप्नं जास्त पडतील, त्याला "बघा, तेलाशिवाय होत नाही" समजून परत सुरू करू नका. आणि तेल गेल्यावर बाकी गोळ्यांचं प्रमाणही सरकतं, म्हणून बीपीवर लक्ष ठेवा.

पण खरं सांगू? तुमच्या सगळ्या पत्रात मला जास्त थांबवलं ते त्या शेवटच्या एका ओळीनं, रात्रीच्या लाईटच्या. आठवडाभर रात्रीची थ्री-फेज, हे बॅटरी घेऊन मळ्यात, केळीच्या बागेत साप, यावलकडून बिबट्याच्या बातम्या, आणि तुम्ही घरात पंख्याकडे बघत मोटारसायकलच्या आवाजाची वाट बघताय. ताई, ही अनिद्रा आहे की काळजी? ज्या बाईचा माणूस रात्री एक वाजता अंधारात पाण्यात उभा आहे तिला झोप लागली तर मला नवल वाटेल. तुम्ही स्वतःला बिघडलेलं समजून दुरुस्त करायला निघालात, चार बाटल्या घेऊन.

म्हणून तीन आठवडे एक करा. कॅलेंडरवर रोज सकाळी लिहा, साधारण किती वाजता डोळा लागला, किती वाजता उठले, आणि बाजूला दि किंवा रा, म्हणजे लाईट दिवसाची का रात्रीची. मला वाटतं चित्र स्वच्छ दिसेल. रा च्या आठवड्यात काय करता येईल? मोबाईलवरून मोटर चालू करायचा स्टार्टर बसवता येतो, साधा ऑटो स्विच नको, कारण लाईट आली की सगळ्यांच्या मोटरी एकदम सुरू होतात आणि डीपी (ट्रान्सफॉर्मर) जळते, उशिरानं चालू होणारा घ्या. सोलर पंपाचा अर्ज भरलाय का? तो मिळाला तर पाणी दिवसाच. तोवर निदान "पोहोचलो" आणि "निघालो" असे दोन मिस्ड कॉल ठरवून घ्या, आणि यांच्यासोबत शेजारच्या मळ्यातला एक जण असू द्या.

बाकी झोपेची शिस्त म्हणजे जी डॉक्टर लोकं गोळीच्या आधी सुचवतात ती, अमेरिकेतल्या फिजिशियन लोकांच्या संघटनेनं २०१६ मध्ये जुन्या अनिद्रेला पहिला उपाय म्हणून हीच सांगितली, सीबीटी-आय म्हणतात. गाभा साधा आहे पण करायला जीव जातो. रात्र कशीही जावो, उठायची वेळ एकच, तुमची साडेपाच तर साडेपाच, रविवारीसुद्धा. झोप आल्याशिवाय गादीवर जायचं नाही. वीसेक मिनिटं नुसतंच लोळतोय असं वाटलं तर उठून दुसऱ्या खोलीत बसायचं, मंद दिव्यात, मोबाईल न घेता, डोळे जड झाले की परत. गादीवर वह्या तपासायच्या नाहीत. दुपारची डुलकी वीस मिनिटांच्या वर नाही, चहा दुपारी दोननंतर नाही. पहिला आठवडा वाईट जातो, दुसऱ्यापासून फरक पडतो बऱ्याच जणींना. आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात स्लॅबची खोली रात्री बारापर्यंत भट्टी असते, शरीर थोडं थंड झाल्याशिवाय झोप लागतच नाही, तर झोपायच्या तासभर आधी कोमट पाण्यानं अंघोळ करा आणि जमलं तर गच्चीवर टाका अंथरूण, आपल्या आज्या घराच्या धाब्यावर (मातीच्या छतावर) झोपायच्या त्या काय हौस म्हणून? मन फारच घाबरं झालं, रडू येतंय, जगावंसं वाटत नाही असं काही असेल तर टेलीमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलतात.

एक राहिलं. गमी दिसायला जेलीच्या चॉकलेटसारखी असते आणि ती बाटली तुम्ही फ्रिजच्या दारात ठेवलीय असं लिहिलंय. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नणंदा लेकरं घेऊन माहेरी येतील, त्याच्या आत तिची विल्हेवाट लावा. संडासात किंवा उकिरड्यावर नको, गुरं-कुत्री खातात. चहाच्या चोथ्यात कालवून, पिशवीत बांधून, घंटागाडीत. अल्प्राझोलमची ती उरलेली स्ट्रिप पण त्याच पिशवीत, सासूबाईंना ती आता कुणी लिहून दिलेली नाही ना हे आधी विचारून.